रोटाच्या पंगतीतली जागा

अमळनेरच्या एसटी स्टँडवर मला पोचवायला अख्खं घर आलं होतं, आणि मी नेमकं काय शिकायला चालले आहे हे कुणालाच धड माहीत नव्हतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कंडक्टरला कौतुकाने सांगितलं, "आंडेर परदेशात चालनी, शिकाले." आमच्या बोलीत आंडेर म्हणजे लेक.

"डॉक्टर का?"

"नही. नाटक-तमाशाना कारभार कसा करतस, ते."

कंडक्टरने मला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. "त्याले शिकाले परदेशात जावं लागस?" असं म्हणून तो पुढच्या दाराकडे गेला.

'सांस्कृतिक व्यवस्थापन आणि धोरण' हा विषय मी आबांना बऱ्याच वेळा समजावला होता. कला सादर करणारे असतात, पाहणारे असतात, आणि या दोघांची गाठ पडावी म्हणून मध्ये कुणीतरी खटपट करावी लागते: जागा, परवानगी, निधी, सरकारी धोरण. त्या सगळ्याचा आबांनी एका वाक्यात निकाल लावला होता, आणि खरं सांगायचं तर माझ्या कॉलेजच्या माहितीपत्रकापेक्षा त्यांचं वाक्य बरं होतं.

मायने पिशवीत ज्वारीचे बिबडे आणि शेंगदाण्याची चटणी कोंबली. गाडी सुटताना आबा खिडकीशी येऊन म्हणाले, "कोठेबी जाय बेटा. मानूस भेटना का पहिले इचारी ले, कोन शे, कोठला शे. मंग तो तुले इसरस नही." मी रडले नाही. सामान वरच्या फळीवर नीट बसत नव्हतं, त्यातच माझं लक्ष होतं.

आमचं गाव अमळनेरजवळ, बोरी नदीच्या काठाला. माझं लग्न चोपड्याला झालं होतं आणि ते टिकलं नाही. का टिकलं नाही, ते इथे सांगण्याचं कारण नाही. परत आले, काही महिने घरात बसून काढले, आणि मग धुळ्याला एका नाट्यगृहाच्या ऑफिसात नोकरी धरली. तारखा देणं, ध्वनिव्यवस्थेच्या माणसाला वेळेवर बोलावणं, पुढच्या रांगेत कोणता पुढारी कोणाशेजारी बसणार नाही हे लक्षात ठेवणं, हे माझं काम. ते मला चांगलं जमत होतं. या कामाचंही शिक्षण असतं हे एका नाट्यशिबिरात आलेल्या पाहुण्यांकडून कळलं. अर्ज केला, शिष्यवृत्ती मिळाली, ब्रसेल्सला आले आणि इथेच राहिले. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले त्यांना ठाऊक आहे, जाताना कुणी 'कायमचं' म्हणून जात नाही. दोन वर्षांचा अभ्यास असतो, मग एक नोकरी मिळते, मग भाड्याच्या घराचा करार आणखी लांबतो.

पहिल्याच महिन्यात आमच्या वर्गाला नेटवर्किंगची कार्यशाळा होती. आपली ओळख अर्ध्या मिनिटात करून द्यायची: नाव, संस्था, काय हवं आहे. संध्याकाळी मोठा स्वागत समारंभ, सगळ्यांच्या गळ्यात बॅज, हातात ग्लास. कार्यशाळेत शिकवलेलं मी पार विसरले आणि आबांच्या पद्धतीने सुरू झाले. तुमचं गाव कोणतं? वडील काय करत? मामाचं गाव? एका फिनिश प्राध्यापकाने अतिशय नम्रपणे विचारलं, आपण वंशावळींवर संशोधन करता का? इंग्रिड नावाची एक डॅनिश बाई मात्र खुशीत आली. तिने मला स्वतःचं गाव, आईचं गाव, आईच्या गावातल्या मासळीच्या धंद्यातली दोन घराण्यांची भांडणं, सगळं सांगितलं. पुढे तीच माझी साहेब झाली.

पण त्याच संध्याकाळी एका तरुणाला मी तोच प्रश्न विचारला आणि त्याचा चेहरा बंद झाला. त्याचे आजोबा मोरोक्कोहून आलेले. तो म्हणाला, "मी इथलाच. ब्रसेल्सचा." मी पुढे विचारलं, "हो, पण मूळ कुठले?" तो ग्लास ठेवून निघून गेला. नंतर कुणीतरी समजावलं की जन्मभर हा प्रश्न ऐकून त्याचे कान किटले आहेत. आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेल्याला 'कोणतं गाव?' विचारतात ते सोयरीक निघते का पाहायला, म्हणजे त्याला जवळ ओढायला. तिथे तोच प्रश्न माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवायला वापरतात. एवढं समजायला मला एक माणूस दुखवावा लागला.

आज मी ज्या ऑफिसात आहे, तिथून वेगवेगळ्या देशांत हा विषय शिकवणाऱ्या कॉलेजांचं जाळं चालतं. वर्षातून एकदा सगळ्यांची मोठी बैठक, अधूनमधून सेमिनार, एकमेकांच्या गावी जाऊन काम पाहणं. कोणी कोणाला भेटावं हे ठरवणं माझ्याकडे. नेटवर्किंग म्हणजे कार्डं वाटणं, असं लोकांना वाटतं. मुळात ते फोन उचलण्याचं काम आहे. नव्या विद्यार्थ्यांना मी एक तास शिकवते, त्यात पहिल्यांदा हेच विचारायला लावते: निर्णय कोण घेतं, आणि तो घेताना खोलीत कोण नव्हतं? धोरणाचा सगळा अभ्यास या प्रश्नात येतो.

गेल्या वर्षी आमचा सेमिनार पुण्यात ठरला. इंग्रिड म्हणाली, पुण्याच्या सभागृहात बसून काय कळणार, तुझ्या भागात जाऊ. मी लगेच दोन दिवस जोडले. शनिवारी धुळे: जुनं नाट्यगृह, वही, म्हणजे आमच्याकडची लोकगीतं, गाणारी एक मंडळी, कॉलेजची मुलं. रविवारी आमचं गाव, कारण श्रावणातला तो रविवार कानबाईचा, आमच्या कुळाच्या देवीच्या सणाचा होता. कार्यक्रमपत्रिकेत मी इंग्रजीत छापलं, 'यजमान कुटुंबासोबत सणाचं सामूहिक जेवण'. छापून सगळ्यांना पाठवलं, आणि मग वहिनीला फोन केला.

वहिनी पाचोऱ्याची. कामाला वाघ, बोलायला कमी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, त्यास्ले रोट कसा वाढूत?"

"का?"

"ताई, तुम्ही इसरी गयात का?"

मी खरंच विसरले होते. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. कानबाई बसते तेव्हा आमच्या भाऊबंदांत घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात, अगदी पाळण्यातल्या मुलाचाही. ते दळून त्याचे जाडजूड रोट होतात. ते फक्त कुळातल्या माणसांनी खायचे. परक्याला तुकडासुद्धा द्यायचा नाही, आणि पुनवेच्या आत संपवायचे. लग्न होऊन आलेली सून खाते, कारण ती कुळात आली. लग्न करून दिलेली लेक खात नाही, कारण ती गेली. तिला पुरणपोळी. लहानपणी हे कुणी मला शिकवलं नव्हतं. घरात परका माणूस त्या दिवशी नसायचाच, त्यामुळे नियम कानावर पडायची वेळ क्वचितच आली. मला आठवत होता तो रोटाचा वास आणि पाटावरच्या कानबाईची नथ. संस्कृतीचं व्यवस्थापन शिकवणारी बाई स्वतःच्या घरचा नियम विसरून परदेशी प्राध्यापकांना रोटाचं आमंत्रण देऊन बसली होती.

"त्यास्नं मी पाही लेसू," वहिनी म्हणाली. "वरण-बट्टी करसू, ओट्यावर बसाडसूत. पन तुम्ही कोठे बसशात?"

"मी? घरात. नेहमीसारखी."

"आबा व्हतात तव्हयनी गोट येगळी व्हती, ताई. आते नाना शेतस."

नाना म्हणजे आबांचे चुलतभाऊ, आता भाऊबंदांत सगळ्यात थोरले. मी चोपड्याहून परत आले त्या श्रावणात आबांनी कुणालाही न विचारता मला आपल्याशेजारी रोटाच्या पंगतीत बसवलं होतं. थोरल्यासमोर कोण बोलणार? पुढे मी परदेशी गेले, माय गेली, आबा गेले. कानबाईला मी बऱ्याच वर्षांत आलेच नव्हते, त्यामुळे मी कुळातली की बाहेरची, हे विचारायची गरज कुणाला पडली नव्हती. आता ती मीच पाडली होती.

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा कपाशी गुडघ्याला लागत होती. घरात बायकांची गाणी चालू होती. पाहुण्यांनी चपला काढल्या, कानबाईसमोर हात जोडले, कुणी विचारल्याशिवाय फोटो काढला नाही. मी त्यांना चांगलं शिकवून आणलं होतं. जेवणाची वेळ झाली. आत भाऊबंदांचे पाट मांडले, बाहेर ओट्यावर पाहुण्यांसाठी सतरंजी. मी मधल्या दारात उभी. दादाने, माझ्या मोठ्या भावाने, माझ्याकडे पाहिलं आणि मग नानांकडे पाहिलं.

नाना मोठ्या प्रेमाने म्हणाले, "पाहुनास्ले एकलं कसं सोडशी, माय? तू त्यास्नासंगे बस."

कुणाचा आवाज चढला नाही. दादाने मान खाली घातली आणि ताटातली भाजी उगाच सारखी केली. आत, वहिनी रोट वाढत होती. पाचोऱ्याहून आलेली ती आत आणि याच घरात जन्मलेली मी ओट्यावर. ती माझ्या नजरेला नजर देत नव्हती. मी जाऊन सतरंजीवर बसले. खूप राग आला होता. बट्टी मात्र उत्तम झाली होती, तूपही भरपूर होतं, आणि मी पोटभर जेवले.

दुपारी नानांशी गप्पा, असं पत्रिकेतच होतं. दुभाषी मी. इंग्रिड हुशार बाई, तिने जेवताना सगळं टिपलं होतं. तिने मला आधी हळूच विचारलं, "तुझी हरकत नाही ना?" मी म्हटलं, विचार. मग तिने विचारलं, "हा नियम कोणी केला?"

मी नानांना सांगितलं.

"आम्ही बठ्ठास्नी," नाना म्हणाले. "आम्ही सगळ्यांनी," मी इंग्रिडला सांगितलं.

"तो बदलता येतो का?"

मला वाटलं होतं, आता देवीचं नाव निघेल, पूर्वजांचं नाव निघेल. नाना म्हणाले, "येस ना. का बरं नही येवाव? पहिले बाया मागथीन जेवेत. मन्हा बापना वखतले बठ्ठा भाऊबंद बसनात, बोलनात, बदलं. पन बठ्ठा बसाले जोयजेत. एकटा नाना कसा बदली?" मग ते बोटांवर मोजू लागले. "आते बठ्ठा शेतस कोठे? कोनी सुरतले, कोनी नाशिकले, कोनी पुनाले. आनि हाई," माझ्याकडे बोट दाखवून, "हाई तर बठ्ठास्ना पुढे!"

ओट्यावर हशा पिकला. भाषांतर केल्यावर पाहुणेही हसले. मी हसले नाही, कारण मी विचारात पडले होते.

गाव सोडून गेलेल्यांनो, हे तुम्हाला सांगायचं आहे. आपण दुरून म्हणत असतो, गाव बदलत नाही, माणसं जुनाट आहेत. आबांनी जे केलं ते आबांच्या वजनावर चाललं, ते कुणी मिळून ठरवलेलं नव्हतं. म्हणून ते आबांबरोबर गेलं. आणि नाना दार अडवून बसलेले नव्हते. बदलायला जी माणसं एकत्र बसावी लागतात, ती आपणच गावातून उठून गेलो होतो. नियम जिथल्या तिथे राहिला, कारण त्याला हात लावायला पुरेशी माणसं उरली नाहीत. हे मी वर्गात कितीतरी वेळा शिकवलं होतं: खोलीत कोण नव्हतं? माझ्या स्वतःच्या घराच्या बाबतीत त्याचं उत्तर 'मी' होतं.

ब्रसेल्सला परत आले आणि जे येतं ते करायला घेतलं. भाऊबंदांचा व्हॉट्सॲप ग्रुप होताच, पण त्यावर सकाळची फुलं आणि वाढदिवस याशिवाय काही घडत नव्हतं. ग्रुपवर आवाहन टाकलं की सगळे अंगठा दाखवतात आणि कुणी येत नाही, हे मला धंद्यामुळे माहीत आहे. मी एकेकाला फोन लावला. आधी मुलांचं, तब्येतीचं, दिवाळीचं. मग शेवटी, पुढच्या कानबाईला सगळे या, बसून बोलायचं आहे. नाशिकचा चुलतभाऊ म्हणाला, "ताई, तुला रोट खायचाय म्हणून आम्ही रजा टाकायच्या का?" मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "बरं मग." कोण आलं तर कोण येईल, हे एकदा लक्षात आलं की काम सोपं होतं. पुणेकर नाशिककरांवर अडले होते. नाशिककर मोकळे झाले की तेही येणार होते.

सुरतच्या काकूंचा फोन मी सगळ्यात शेवटी लावला, कारण त्या फटकळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि टीव्ही बंद केला. मग म्हणाल्या, "मन्ही आंडेर बी परत येल शे, माय. दोन वरीस व्हयनात. कोनले सांगेल नही."

त्यानंतर तो प्रश्न माझ्या एकटीचा राहिला नाही. खरं म्हणजे तो तसा कधीच नव्हता. मी फक्त स्वतःकडेच पाहत होते.

यंदाच्या श्रावणात शनिवारी दुपारी आमच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. सुरतच्या काकू लेकीला घेऊन आल्या होत्या. ती वहिनीच्या आड बसून राहिली, कुणी बोलावलं तरी पुढे आली नाही. नानांनी विषय काढला. आधी सगळे एकमेकांची तोंडं पाहत होते, मग सगळे एकदम बोलायला लागले. एक काका म्हणाले, असं एकेक सोडत गेलं तर कूळ म्हणायला उरणार काय? दुसरे म्हणाले, परत आलेल्या लेकीचं नाव सासरच्या कुळातून निघालं हे कोणी ठरवलं, कोर्टाने? कोर्टाला कानबाई काय माहीत? पुण्याच्या पुतण्याने विचारलं, मग मुलींच्या नावाचे गहूही काढायचे का, आणि त्यावर वेगळंच भांडण सुरू झालं. मी गप्प बसले होते. अशा बैठका मी चालवते, त्यामुळे त्यात कधी तोंड उघडू नये हे मला कळतं.

सुरतच्या काकूंना ते कळत नव्हतं, आणि तेच बरं झालं. "कानबाई सोता बाई शे ना?" त्या कडाडल्या. "तिनं नाव लीसन बायास्लेच बाहेर बसाडतस! लाज नही वाटस?"

दादाने घसा साफ केला. माझा भाऊ आयुष्यात भाऊबंदांसमोर बोललेला नाही. तो म्हणाला, "आबास्नी बसाडेल व्हतं. मागला साले मी गप बसनू. आते बसाव नही." एवढंच. वहिनीने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू आज पहिल्यांदाच पाहते आहे.

नानांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "यंदा बसाडा दोन्हीस्ले," ते म्हणाले. "पुढला साले बठ्ठा परत बसूत, परत बोलूत."

मला राहवलं नाही. "नाना, दरवर्षी कशाला? एकदाच कायमचं ठरवून टाका ना."

नाना माझ्याकडे पाहत राहिले. डोळे बारीक, मिश्किल. "एकदाव ठरी गयं का मंग येशात का तुम्ही?"

पुण्याचा पुतण्या फोनमध्ये पुढच्या श्रावणाची तारीख शोधायला लागला.

रविवारी मी पंगतीत बसले, आणि माझ्या उजव्या हाताला सुरतची मुलगी. रोट कोरडा होता. लहानपणची चव वगैरे काही आली नाही, पाण्याचा घोट घेऊन गिळावा लागला. मुलीने मान वर न करता आपला रोट संपवला, वहिनीने न विचारता दुसरा वाढला, तोही संपवला. काकू समोरून पाहत होत्या आणि पदराने तोंड पुसत होत्या. सोमवारी कानबाई बोरीवर विसर्जनाला पोचवली आणि माणसं आपापल्या गावी पांगली. जाताना मात्र जो तो दुसऱ्याला दटावत होता, पुढच्या वर्षी हजर राहा, नाहीतर तुमच्या मागे आम्ही काहीतरी ठरवून बसू.

इथे ब्रसेल्समध्ये माझं बरं चाललं आहे. ट्राममध्ये, ऑफिसात, बैठकीत मी हवी तिथे बसते. कुणाची हरकत नसते, आणि त्यावरून कुणी दोन शब्दही वाया घालवत नाही. ही मोकळीक मी कमावलेली आहे, ती सोडायचा माझा विचार नाही. पण मी कुठे बसावं यावरून माणसं दुपारभर घसा कोरडा करतील अशी जगात एकच ओसरी आहे. तिला घर म्हणायचं की आणखी काही, ते तुम्ही ठरवा.

परवा ऑफिसच्या कॅलेंडरवर पुढच्या श्रावणातला आठवडा अडवला. रजेच्या कारणात 'वार्षिक बैठक' लिहिलं. इंग्रिडने डोकं वर काढून विचारलं, "कसली बैठक? विषय काय?"

मी म्हटलं, "मी."